ताकदीचं नको, भरवशाचं हवं

'भरवशाचा' हा आपल्या भाषेतला फार वजनदार शब्द आहे. भरवशाचा माणूस म्हणजे बोलल्याप्रमाणे वागणारा, अडीअडचणीला उभा राहणारा आणि उद्याही जागेवर सापडणारा. घरात गालिचे साफ करण्याची यंत्रं विकणाऱ्यांनी या शब्दाची जी दशा केली आहे, ती बघून माझ्यासारख्या मराठीच्या निवृत्त शिक्षिकेला गप्प बसवत नाही. प्रत्येक खोक्यावर 'भरवशाचं', प्रत्येक जाहिरातीत 'भरवशाचं'. आत डोकावलं तर वॅटचा आकडा, चकचकीत प्लास्टिक आणि एक वर्षाची वॉरंटी. याला भरवसा म्हणायचं?

गेल्या काही महिन्यांत आमच्या नात्यातल्या तीन घरांत ही खरेदी निघाली. "मावशी, कुठलं घेऊ?" असं विचारायला फोन आले. (नंतर "तू मास्तरीण आहेस, इंजिनियर नाहीस" हेही ऐकून घेतलं. ते खरंच आहे. पण परीक्षा कशी घ्यायची हे मला कळतं, आणि इथे प्रश्न परीक्षेचाच आहे.) म्हणून माझं म्हणणं एकदाच लिहून टाकते. यंत्र किती जोर लावतं हे विचारूच नका. तीन प्रश्न विचारा. ओतलेलं पाणी ते परत घेतं का? ओढलेली धूळ आत ठेवतं का? आणि बिघडलं तर आपल्या गावात दुरुस्त होतं का? या तिन्हींत जे पास, ते भरवशाचं. बाकीचं कितीही हुशार दिसो, मी वर घालणार नाही.

आधी वॅटबद्दल, कारण सगळ्यात मोठी फसवणूक तिथे आहे. वॅट म्हणजे यंत्र वीज किती खातं याचा आकडा. ते काम किती करतं याचा नव्हे. डबा मोठा आणणारा मुलगा अभ्यासातही हुशार, असं आम्ही शिक्षक म्हणू लागलो तर? युरोपीय संघाने हे कायद्यानेच निकालात काढलं. १ सप्टेंबर २०१४ पासून तिथे १६०० वॅटच्या वरचे घरगुती व्हॅक्यूम क्लीनर बाजारात आणायला बंदी झाली आणि १ सप्टेंबर २०१७ पासून ती मर्यादा ९०० वॅटवर आली. २०१४ साली ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांनी केवढा गहजब केला! आता घरं साफ होणार कशी, म्हणून लोक दुकानात धावले. पुढे काय झालं? कंपन्यांनी हवेचा मार्ग, तोंडाचा आकार, ब्रशची रचना सुधारली आणि कमी विजेत काम होऊ लागलं. आणि आपल्याकडे अजून '२००० वॅट, सुपर पॉवर' वाचून मान डोलावणारे आहेत. त्यांत आमच्या घरातले दोन इंजिनियरही आहेत, नावं सांगत नाही. :)

दुसरी फसवणूक प्रात्यक्षिकाची. आपल्याकडे व्हॅक्यूम क्लीनर घरोघरी पोचला तो दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांमुळे. युरेका फोर्ब्स ही कंपनी १९८२ साली सुरू झाली आणि टाय लावून उन्हातान्हात जिने चढणारी ती मुलं आमच्या पिढीला आठवतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण प्रात्यक्षिक या प्रकाराची मेख समजून घ्या. विक्रेता तुमच्या गालिच्यावर यंत्र फिरवतो, मग आतलं कापड काढून दाखवतो. कापड धुळीने माखलेलं! घरची बाई लाजेने अर्धी होते आणि लाजेपोटी सही करते. अहो, पण गालिचा कुठलाही घ्या, कालच झाडलेला घ्या, त्यातून धूळ निघणारच. त्यातून गालिच्यात धूळ आहे एवढंच सिद्ध झालं. हेच यंत्र सर्वांत चांगलं, हे कुठे सिद्ध झालं? उत्तरपत्रिका तपासताना मी असल्या उत्तराला शून्य मार्क दिले असते.

आता मुख्य मुद्दा, पाण्याचा. गालिचा धुण्याचं म्हणून जे यंत्र मिळतं त्याचं काम साधं असतं. एका टाकीतलं साबणाचं पाणी ते गालिच्यावर फवारतं, ब्रशने घासतं आणि मळकं पाणी दुसऱ्या टाकीत ओढून घेतं. फवारणं सोपं आहे, ते तर झारीही करते. कसोटी लागते ती परत ओढण्यात. पाणी आत राहिलं तर गालिचा तळातून ओला राहतो, एकदोन दिवसांत कुबट वास सुटतो, बुरशी धरते. शिवाय डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे ओलाव्यावरच पोसतात. म्हणजे नातवाच्या दम्यासाठी म्हणून यंत्र आणायचं आणि त्याच्याच रांगण्याच्या जागेत दम्याचं कारण पेरायचं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

म्हणून प्रात्यक्षिक करायचंच असेल तर आपल्या पद्धतीने करा. टाकीत मापून दोन लिटर पाणी घाला. काम झाल्यावर मळक्या टाकीतलं पाणी मापा. जितकं जास्त परत आलं तितकं यंत्र चांगलं. मग विक्रेत्याला चहा द्या आणि त्या जागी कोरडा पांढरा पंचा अंथरून त्यावर उभ्या राहा. पंचा चिंब झाला तर यंत्राला नमस्कार. ही परीक्षा एकाही माहितीपत्रकात नाही, हे लक्षात घ्या. आणि 'स्टीम' या शब्दाला भुलू नका. गालिचे धुण्याच्या बऱ्याच यंत्रांच्या नावात वाफ असते, पोटात मात्र गरम पाणी, तेही बहुधा कोमटाकडे झुकलेलं.

साबणाचंही तसंच. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, हा आपला जुना भ्रम. राहिलेला साबण चिकट असतो, तो नवी धूळ धरून ठेवतो आणि गालिचा पहिल्यापेक्षा लवकर मळतो. कपड्याची पावडर तर मुळीच नको. फेस मोटरपर्यंत चढला की तिचीही वाट लागते.

तिसरी गोष्ट, धूळ. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ याने पहिलं दमदार शोषणयंत्र केलं. त्याआधीची काही यंत्रं धूळ फुंकायची, म्हणजे इथली उडवून तिथे बसवायची. ती ओढून गाळली पाहिजे, हे त्याने ओळखलं. पुढे अमेरिकेतल्या ओहायोमध्ये जेम्स मरे स्पँगलर नावाच्या झाडलोट करणाऱ्या माणसाने सुटसुटीत विजेचं यंत्र बनवलं. त्याला दमा होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने तो हैराण व्हायचा. धूळ धरायला त्याने उशीचा अभ्रा लावला होता. १९०८ साली त्याला पेटंट मिळालं आणि ते हूवर कुटुंबाने घेतलं. हे सगळं सांगते ते एवढ्यासाठी की या यंत्राचा जन्मच मुळी कुणाला तरी नीट श्वास घेता यावा म्हणून झाला. आज आपण रंग बघतो, आवाज बघतो आणि मागून बाहेर पडणारी हवा कशी आहे हे बघत नाही. चांगली हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. पण यंत्राचे सांधेच ढिले असतील तर हवा गाळणीला वळसा घालून बाहेर पडते, आणि मग तो आकडा खोक्यावरच राहतो.

आता असा प्रश्न, जो खरेदी करताना कुणीच विचारत नाही. यंत्र चालवणार कोण? घ्यायचं ठरवतात साहेब, चालवतात घरातली सून किंवा कामाच्या ताई. भरलेल्या टाकीसकट ते उचलून तिला जिना चढता येईल का? त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे पाण्याचं आणि विजेचं एकत्र काम आहे. आपल्या जुन्या घरांत अजून अर्थिंगचा पत्ता नसतो, थ्री-पिनची पिन दोनच्या भोकात बसवायला वरून एक अडॅप्टर अडकवलेला असतो आणि कामाच्या ताई ओल्या फरशीवर अनवाणी. अशा घरात हजारो रुपयांचं यंत्र आणण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलवा, अर्थिंग तपासून घ्या, गळती झाली की वीज तोडणारा स्विच बसवून घ्या. दुसऱ्याच्या जिवाशी खेळून आलेली स्वच्छता मला तरी नको.

आणि शेवटचा प्रश्न, दुरुस्तीचा. यंत्र बिघडणारच, माणसंही बिघडतात. ब्रशचा पट्टा तुटेल, नळी चिरेल, मोटरचे कार्बन झिजतील. हे सगळं किरकोळ आहे, पण भाग मिळाला तर! आमच्या ओळखीच्या एका घरात चांगलं चालणारं यंत्र केवळ एका पट्ट्यासाठी दीड वर्ष माळ्यावर पडून आहे. कंपनीने ते मॉडेल बंद केलं, 'नवीन घ्या, सूट देतो' म्हणाली. याला मी बिघाड म्हणत नाही, याला मी शब्द फिरवणं म्हणते. सरकारलाही हे कळलं असावं. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' हे संकेतस्थळ सुरू केलं. पण संकेतस्थळाने पट्टा येत नाही. तो दुकानदाराला खरेदीआधीच मागायचा. पट्टा, ब्रश, गाळणी, नळी यांच्या किमती कागदावर लिहून घ्या. आपल्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता घ्या आणि एकदा तिथे स्वतः जाऊन या. बिनवायरचं असेल तर नव्या बॅटरीची किंमत विचारा. दुकानदार कावला तर उत्तर मिळालंच.

अमेरिकेतल्या पुतण्या-भाच्यांनाही एक सांगणं. तिथून यंत्र आणू नका. तुमची वीज १२० व्होल्टची, आमची २३०. एवढ्या वॅटला लागणारा ट्रान्सफॉर्मरच यंत्राइतका जड होईल, आणि तिकडची वॉरंटी सहसा इथे चालत नाही. तुमच्याकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत जमिनीला घट्ट बसवलेला गालिचा असतो. तो उचलता येत नाही, म्हणून यंत्र लागतं. आणि तिथेही ते किराणा दुकानात भाड्याने मिळतं, मग वर्षातून दोनदा लागणारी वस्तू विकत कशाला?

आपल्याकडे बहुतेक घरांत गालिचा म्हणजे सोफ्यासमोरचा एक तुकडा. तो गुंडाळता येतो, झटकता येतो, उन्हात उलटा टाकता येतो. सतरंजी, जाजम, जमखाना यांना तर यंत्राची गरजच नाही. हाताने विणलेला लोकरी गालिचा घरात ओला करूच नये, रंग फुटतो, आकसतो. ओल्या पांढऱ्या फडक्याने आधी एक कोपरा दाबून बघावा आणि रंग लागला तर जाणकाराकडे द्यावा. इतकं सगळं करूनही यंत्र लागणारच असेल, तर सुकं-ओलं दोन्ही ओढणारं साधं डब्याचं यंत्र घ्या. फवारा आणि ब्रश आपल्या हाताने मारा, पाणी त्याने ओढा. पावसाचं पाणी घरात शिरलं तरी ते कामी येतं.

"मावशी, एवढं कोण बघतं? बिघडलं तर दुसरं घेऊ," असं तरुण मंडळी म्हणतात. घ्या ना, पैसे तुमचे आहेत. पण मग त्याला भरवशाचं म्हणू नका. आणि नेटवरचे पाच तारे बघून तर नकाच घेऊ. त्यातले बरेचसे यंत्र घरी आल्याच्या आठवड्यात दिलेले असतात. वर्गात पहिल्या दिवशी सगळीच मुलं शहाणी असतात. यंत्राचा खरा निकाल तिसऱ्या पावसाळ्यात लागतो. तेव्हा ज्यांच्या घरात तीन पावसाळे काढलेलं यंत्र असेल, त्यांनाच विचारा, आणि ते चालवणाऱ्या ताईंना आधी विचारा.