फुकटचे क्रिकेट कोणाला परवडते?

परवा शेजारच्या घरातून जल्लोष ऐकू आला, तेव्हा माझ्या मोबाइलवर गोलंदाज अजून धावतच होता. षटकार मला काही सेकंदांनी दिसला. शेजाऱ्यांकडे डिश, माझ्याकडे इंटरनेट! पण या सेकंदांच्या मागे हजारो कोटींचा, आणि तितकाच अवघड, धंदा उभा आहे.

१९९३ साली हीरो कपच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात जुंपली. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि सरकारी मक्तेदारीला तडा गेला. पुढे लिलावाचे युग आले. जून २०२२ मध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. त्यापैकी देशातील डिजिटल हक्कांच्या मुख्य संचासाठी व्हायकॉम१८ ने २०,५०० कोटी मोजले. ४१० सामने धरले, तर सामन्याला ५० कोटी. म्हणजे एका चेंडूला वीस लाखांहून अधिक!

हा पैसा वसूल कसा व्हायचा? २०२३ मध्ये जिओसिनेमाने आयपीएल फुकट दाखवली. आयपीएल गमावलेल्या हॉटस्टारचे वर्गणीदार कोटींनी गळाले. मग हॉटस्टारनेही त्या वर्षीचा विश्वचषक मोबाइलवर फुकट केला. अंतिम सामना एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षकांनी पाहिला, असा विक्रम नोंदला गेला. पण खरी मेख इथेच आहे. उपग्रहाला प्रेक्षक एक काय, कोटी काय, खर्च तोच. इंटरनेटवर मात्र प्रत्येकापर्यंत चित्र वेगळे पोहोचवावे लागते. गर्दी वाढली की खर्चही वाढतो. शिवाय ही गर्दी ऐन रंगतीच्या षटकांत येते, आणि हंगाम संपला की वर्गणीदारही पाठ फिरवतो.

अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही प्रतिस्पर्ध्यांनी एकच चूल मांडली. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार अवतरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली आणि क्रिकेटवर सढळ हाताने खर्च करणारे जाहिरातदार गेले.

आता आयपीएलचा टीव्ही आणि मोबाइल एकाच घरात नांदतात. २०२७ नंतरच्या हक्कांसाठी बोली लावायला तोडीस तोड दुसरा कोणी उभा राहिला नाही, तर मंडळाची तिजोरी आटेल आणि वर्गणीचा आकडा एकच माणूस ठरवील. सरकारी मक्तेदारी मोडल्याचा आनंद आपण केला होता. ती खासगी दाराने परत येत नाही ना, हे पाहायला हवे. फुकटाची सवय लागलेल्या प्रेक्षकाला, म्हणजे मलाही, त्याची किंमत कधीतरी मोजावीच लागणार.