नेम चुकल्यावर

नेमबाजाला प्रशिक्षक खरा लागतो तो नेम चुकल्यावर. डेव्हिडसन कॉलेजकडून आपल्या पहिल्याच सामन्यात, २००६ साली, बास्केटबॉलपटू स्टीफन करीने १३ वेळा चेंडू गमावला. तरी प्रशिक्षक बॉब मॅककिलॉप यांनी त्याला बसवलं नाही. पुढच्याच सामन्यात मिशिगनविरुद्ध त्याचे ३२ गुण. हे लाड झाले, असं कुणी म्हणेल. पण मॅककिलॉप शिस्तीला कडकच होते. असं सावरणं नेमबाजीतही दिसतं. आपल्या तळवड्यापासून फार लांब नसलेल्या पुण्याच्या बालेवाडीत घडलेला रायफल नेमबाज स्वप्नील कुसाळे २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन स्थितींच्या प्रकाराच्या अंतिम फेरीत गुडघ्यावरच्या टप्प्यानंतर सहावा होता, तो उभ्याच्या टप्प्यात सावरत ४५१.४ गुणांनी कांस्यपदकापर्यंत पोचला. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः अथेन्स ऑलिंपिकला याच तीन स्थितींच्या प्रकारात खेळलेल्या. अशी साथ द्यायला प्रशिक्षक टिकावा लागतो. आमच्या भागातल्या कॉलेजांत दरवर्षी नवा प्रशिक्षक आला, तर मुलांचा हात ओळखायचा कुणी?