गॅरेजचा उस्ताद की शोरूमचा टेक्निशियन? भातकुलीच्या पोरांसमोरचा प्रश्न

माझ्या बहिणीच्या मुलाला पुण्याजवळच्या एका कार डीलरच्या वर्कशॉपमधून बोलावणं आलं आहे. पोराने अमरावतीला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आयटीआय केला आहे. सुट्टीच्या दिवशी तो भातकुली रोडवरच्या गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली पाने-पकड द्यायचा. घरात आता दोन पक्ष पडले आहेत. त्याचे अब्बा म्हणतात, "सहाशे किलोमीटर जाऊन दुसऱ्याच्या गाड्या धुण्यापेक्षा इथंच शटर टाक." अम्मीचं म्हणणं वेगळं, "शटर टाकायला पैसा कुठून आणायचा?" आणि पोरगं मला विचारतं, "मामू, जाऊ का नको?"

हा एका घरातला वाद असला, तरी वऱ्हाडातल्या शेकडो मुस्लिम घरांमध्ये याच प्रकारची चर्चा चालू असणार. म्हणून त्याचा जरा हिशेब मांडू.

भातकुली तालुका खारपाणपट्ट्यात येतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात जमीन काळी आणि खोल, पण भूगर्भातलं पाणी खारं. बोअर मारला तरी पिकाला उपयोग नाही. कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा हे सगळं पावसाच्या आणि ओलीच्या भरवशावर. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये जाहीर झाला, पण बाजारात तो मिळवताना काय होतं हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. त्यात कापसावरचं आयात शुल्क केंद्राने ऑगस्ट 2025 मध्ये माफ केलं आणि ती माफी वर्षाच्या अखेरपर्यंत वाढवली, म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात. ज्यांच्याकडे जमीन नाही, त्यांची मजुरी, हातगाडी, आठवडी बाजारातलं दुकान हे सगळं शेवटी याच पिकावर चालतं. पोरांना शहराची हौस आहे म्हणून ती जात नाहीत.

आता गॅरेजचं. मोटार दुरुस्ती हा आपल्या समाजाचा जुना आधार आहे. नोव्हेंबर 2006 मध्ये आलेल्या सच्चर समितीच्या अहवालातही मुस्लिम कामगार पगारी नोकरीत कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त दिसतात. त्यात वाहनांची विक्री-दुरुस्ती हे एक ठळक क्षेत्र. शिकण्याची पद्धत उस्ताद-शागिर्दीची. दहा-बारा वर्षांचं पोर गॅरेजवर बसायचं, आधी चहा आणायचं, मग नट धुवायचं, मग कधीतरी इंजिनाला हात लावायचं. कागद कुठेच नाही. या पद्धतीत पोरांचं बालपण आणि शाळा गेली हे मान्य करायलाच पाहिजे. पण त्यातूनच असे हात तयार झाले की आवाजावरून बेअरिंग ओळखायचे. खारं पाणी टाकून टाकून रेडिएटर कसा जाम होतो हे आमच्याकडच्या मिस्त्रीला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही.

हा हात आता अपुरा पडतो आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 गाड्या सक्तीच्या झाल्या. आपण बीएस-4 वरून थेट सहावर गेलो, मधली पायरीच नाही. इंधन, धूर, सेन्सर सगळं कॉम्प्युटरच्या ताब्यात गेलं. डॅशबोर्डवर दिवा लागला की पान्याच्या आधी स्कॅनर लागतो. त्यात इलेक्ट्रिक गाड्या. त्यांच्या बॅटरीत शेकडो व्होल्ट असतात. प्रशिक्षण नसलेल्या माणसाने तिथे हात घालणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. शिवाय नवी गाडी वॉरंटीत असेपर्यंत मालक बाहेरच्या गॅरेजकडे फिरकत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला आणि त्या दिवाळीत विक्री जोरात झाली. या सगळ्या गाड्या पहिली काही वर्षं डीलरच्याच वर्कशॉपमध्ये जाणार. तिथे माणसं लागणार आणि रोडवरच्या उस्तादाकडे जुन्या गाड्याच उरणार.

इथे एक गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. आरोप हा की, या कंपन्या अस्सल सुटे भाग आणि बिघाड शोधायची यंत्रं खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, त्यामुळे स्वतंत्र गॅरेजवाल्यांची कोंडी होते आणि ग्राहकाला डीलरकडेच जावं लागतं. म्हणजे आमच्या उस्तादाची तक्रार देशाच्या एका मोठ्या आयोगाने खरी मानली होती. कंपन्या अपिलात गेल्या, प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाइल, घरगुती उपकरणं, शेतीची अवजारं यांच्यासोबत वाहनंही आहेत. तरी भातकुली रोडवरच्या शटरमागे बसलेल्या माणसाच्या हातात कंपनीचा स्कॅनर आलेला नाही. या विषयावर आपल्या संघटना, आपले नेते कधी बोलल्याचं मी तरी ऐकलं नाही. आरक्षणावर बोलतात, बोलायलाच पाहिजे. पण हजारो गॅरेजवाल्यांच्या पोटाचा हा प्रश्नही कुणीतरी उचलायला नको का?

म्हणून माझं मत अब्बांच्या विरोधात जातं. पोराने जावं. शटर टाकायचंच असेल तर पाच वर्षांनी टाकावं, हातात स्कॅनरचं ज्ञान आणि कंपनीच्या ट्रेनिंगची सर्टिफिकेटं घेऊन. पण जाताना डोळे उघडे ठेवून जावं, कारण फसगत पगाराच्या आकड्यातच होते.

भाच्याला फोनवर "अठरा हजार" सांगितले. मी म्हटलं, कागद मागव. कागद आला तेव्हा कळलं की अठरा हजार म्हणजे कंपनीचा एकूण खर्च. त्यातला प्रत्यक्ष पगार 16,500, आणि त्यात बेसिक 9,500. बेसिकवर 12 टक्के पीएफ म्हणजे 1,140 कापले. ईएसआयचे 0.75 टक्के म्हणजे 124. व्यवसाय कर 200. हातात आले 15 हजारांच्या वर थोडेसे. उरलेली रक्कम म्हणजे मालकाने भरायचा पीएफ आणि ईएसआयचा वाटा. यात लबाडी नाही, पीएफचे पैसे पोराचेच आहेत आणि 21 हजारांपर्यंत पगार असलेल्याला ईएसआयमध्ये आई-वडिलांच्या उपचाराचीही सोय होऊ शकते. फक्त घरी किती पाठवता येतील हा हिशेब पंधरावर करायचा, अठरावर नाही. खोली, मेस, येणं-जाणं वजा केलं की पहिल्या वर्षी घरी फारसं काही येणार नाही, हे अम्मीने आधीच मनाशी धरून ठेवावं.

दुसरी फसगत पदाच्या नावात. 'ट्रेनी' म्हणून घेतलं की 'अप्रेंटिस' म्हणून की कायम टेक्निशियन म्हणून, हे विचारायचं. अप्रेंटिस कायद्याखाली नोंद झाली तर स्टायपेंड मिळतो. 2019 च्या नियमांत आयटीआय झालेल्यासाठी तो महिन्याला किमान 7,000 ठरवला होता. त्या काळात पीएफ-ईएसआय लागत नाही, पण शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं आणि ते पुढे कामाला येतं. नुसतं तोंडी 'ट्रेनी' म्हणून दोन वर्षं वॉशिंगवर ठेवलं, तर पोराला ना पीएफ मिळतो ना प्रमाणपत्र. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यांत प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक आहे. तेव्हा "साहेब, लेटर मिळेल का?" असं विचारायला लाजायचं कारण नाही.

कामाचंही थोडं सांगतो. तिथे सुरुवात हेल्परपासूनच होते, आयटीआय झालेला असला तरी. ऑइल-फिल्टर, ब्रेक, फ्री सर्व्हिसच्या गाड्या. जॉब कार्ड इंग्रजीत असतं, वायरिंगचे नकाशे इंग्रजीत. उर्दू माध्यमातून दहावी झालेलं पोर हुशार असून इथेच अडकतं. पानं वाचायला वेळ लागतो म्हणून त्याला बिघाड शोधायचं काम देत नाहीत आणि ते वर्षानुवर्षं खालीच राहतं. गाड्यांच्या भागांची इंग्रजी नावं आणि चार ओळींची तक्रार वाचता आली तरी पुष्कळ फरक पडतो. आमच्याकडच्या मदरशांनी, वाचनालयांनी संध्याकाळचा एक तास यासाठी दिला तर तो वाया जाणार नाही. साप्ताहिक सुट्टीही रविवारी मिळेल असं धरू नये, शनिवार-रविवार वर्कशॉपमध्ये गर्दीचे. जुम्म्याच्या नमाजचा अर्धा तास आणि रमजानमधली इफ्तारची वेळ याबद्दल फ्लोअर इन्चार्जशी पहिल्याच आठवड्यात मोकळेपणाने बोलून घ्यावं. बहुतेक ठिकाणी समजून घेतात. न सांगता गायब झालं तर मात्र नाव खराब होतं.

खोलीचा प्रश्न अवघड आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. नाव ऐकून "खोली गेली" म्हणणारे मालक शहरात भेटतात. त्यामुळे पोरं एकाच वस्तीत दाटीवाटीने राहतात, तिथून वर्कशॉप दूर पडतं आणि पगारातला मोठा तुकडा प्रवासात जातो. पुण्यात स्थिरावलेल्या अमरावती-अकोल्याच्या लोकांनी ठरवलं तर नव्या पोराला पहिले दोन महिने टेकायला जागा मिळू शकते. खोली मिळाली की भाडेकरार नोंदवून घ्यायचा. कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि तोच कागद पुढे पत्ता म्हणून उपयोगी पडतो. रेशन कार्डाचं नाव गावातून कापायची गरज नाही. आपला वाटा पुण्यात उचलता येतो, घरच्यांचा गावात.

आणि पुणे हेच एक ठिकाण आहे का? भातकुलीहून अमरावती हाकेच्या अंतरावर आहे. तिथेही बहुतेक कंपन्यांचे डीलर आहेत. पगार कमी, पण खोली नाही, मेस नाही, आणि रात्री घरी. हातात उरणारी रक्कम कदाचित सारखीच निघेल. मात्र नव्या तंत्राच्या, इलेक्ट्रिक गाड्यांचं काम जितकं पुण्यात हाताखालून जातं तितकं इथे जाणार नाही. मी भाच्याला सुचवलं की वर्षभर अमरावतीला अप्रेंटिस हो, मग कायम जागेसाठी पुण्याला जा. त्याला ते फारसं पटलेलं नाही. मित्र गेले आहेत ना.

जाण्या-येण्याबद्दल एकच विनंती. 1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस जळाली आणि 25 माणसं गेली. त्यात नोकरी-शिक्षणासाठी निघालेली तरुण पोरं होती. ईदला चार दिवस सुट्टी मिळाली की पोरं मिळेल त्या ट्रॅव्हल्सने पळत येतात. बडनेऱ्यापर्यंतचं रेल्वेचं तिकीट महिनाभर आधी काढून ठेवावं.

भाच्याने काल फोन करून वर्कशॉपला विचारलं, नियुक्तिपत्रात 'टेक्निशियन' लिहिणार की 'ट्रेनी'. सोमवारी सांगतो म्हणाले आहेत.