घाटाच्या दोन बाजू : बँक आणि विश्वास

व्यापाऱ्याची खरी पुंजी तिजोरीत नसून त्याच्या शब्दात असते, असे आपल्या वडीलधाऱ्यांनी आपणांस शिकविले आहे. हा नियम बँकांसही लागू पडतो किंवा नाही, हे पाहावयास बेळगावच्या व्यापाऱ्याला दूर जावयास नको. घाट उतरला की पुरे. डिसेंबर १९६१ पर्यंत घाटाखाली परक्या देशाचे राज्य होते आणि कॅसलरॉक हे आपल्या हद्दीतील शेवटचे रेल्वे स्थानक होते.

गोव्यात लिस्बनच्या बांकु नासियोनाल उल्त्रामारीनु या बँकेने १८६८ साली आपली शाखा उघडली. पुढे गोव्यातील चलनी नोटाही तीच काढू लागली. या बँकेशी पटले नाही, तर गिऱ्हाइकाने दुसरे दार शोधणे कठीण होते. घाटावरचे चित्र निराळे होते. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर दुसऱ्याच वर्षी गदगजवळील कणगिनहाळ येथे शेतकऱ्यांची पतसंस्था निघाली. १९१६ साली सांगली बँक व १९३० साली बेळगाव बँक उभी राहिली. सराफांच्या पेढ्या आणि हुंड्या तर पूर्वापार होत्याच.

तथापि आपल्या बाजूस सर्व आलबेल होते असे म्हणणे सत्यास सोडून होईल. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत असे दिसून आले की, शेतकऱ्याच्या कर्जापैकी सुमारे ३ टक्केच सहकारी संस्थांकडून व १ टक्क्याहूनही कमी व्यापारी बँकांकडून येत असे. निपाणीकडील तंबाखूचा शेतकरी व्यापाऱ्याच्या उचलीवर किती अवलंबून असे, हे आपणांस सांगावयास नको. दारे पुष्कळ होती; परंतु ज्याच्यापाशी तारण, त्याच्यासाठीच ती उघडत.

गोवा मुक्त होण्याच्या सुमारास तेथील गिऱ्हाइकांनी गहाण ठेवलेले सोन्याचे दागिने त्या बँकेने लिस्बनला हलविले. ते भारतात परत येण्यास १९९१ साल उजाडले. मधल्या तीस वर्षांत कित्येक घरांतील ऋणको निवर्तले असतील. १९७४ साली पोर्तुगालने त्या बँकेचे राष्ट्रीयीकरण केले आणि २००१ मध्ये ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली. इकडे १९६२ पासून ठेवींस १,५०० रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण मिळाले. २०२० साली ती मर्यादा ५ लाखांवर गेली. १९६९ मध्ये १४ बँका राष्ट्राच्या झाल्या आणि २०१४ च्या जनधन योजनेने खाते गरिबाच्या घरापर्यंत पोहोचले.

यावरून आमचे मत असे की, बँकेचे दार जवळ असणे पुरेसे नाही; तिच्या कारभाराचा जाब विचारण्याचा अधिकारही जवळ असला पाहिजे. सहकारी संस्थेत तो अधिकार सभासदाच्या हाती असतो. परंतु वार्षिक सभेस आपण जातो किती आणि अहवाल वाचतो किती? सांगली बँक व बेळगाव बँक या दोन्ही आज मोठ्या बँकांत विलीन झाल्या आहेत. जवळची संस्था आपोआप टिकत नाही, हा बोध त्यातून घ्यावयाचा. आपल्या व्यापारी बंधूंपैकी जे पतसंस्थांच्या संचालक मंडळांवर आहेत, त्यांस आमची विनंती आहे की, तारण नसलेल्या पण शब्दाला जागणाऱ्या छोट्या दुकानदारास आणि विडी वळणाऱ्या भगिनीस आपल्या दारातून विन्मुख पाठवू नये. दुसऱ्याची ठेव ही अमानत होय. ती जपणे आणि योग्य हाती फिरविणे, हाच व्यापाऱ्याचा धर्म आहे.