स्वच्छतेचे ओरखडे

उपनगरातल्या गाडीचं निम्मं आयुष्य सिग्नलला जातं आणि निम्मं सोसायटीच्या पार्किंगमध्ये. एवढं जपून उभ्या असलेल्या गाडीला ओरखडे कुठून येणार, असं कोणालाही वाटेल. पण दोन-तीन वर्षं वापरलेली एखादी काळी किंवा गडद निळी गाडी ऑक्टोबरच्या उन्हात नीट पाहा. बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब जिथे पडतं, तिथे बारीक रेघांची गोल गोल जाळी दिसते. मालक शपथेवर सांगतो की गाडी कुठेही घासलेली नाही. त्याचं म्हणणं खरंच असतं. हे ओरखडे रस्त्यावर पडलेले नसतात. ते रोज सकाळी आपल्याच पार्किंगमध्ये, आपणच पैसे देऊन पाडून घेतलेले असतात.

कार डिटेलिंगच्या दुकानांत यांना ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात. गंमत अशी की दिसणारी ती वर्तुळं मुळात वर्तुळं नसतातच. रेघा सगळ्या दिशांना पडलेल्या असतात. उजेडाच्या प्रतिबिंबाभोवती ज्या रेघा आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, बाकीच्या लपून राहतात. खात्री करायची तर रात्री मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरा आणि हळूहळू सरकवा. जाळीचा मध्य टॉर्चबरोबर सरकत जाईल. याचा अर्थ, एका जागी उभं राहून दिसतात त्याहून कितीतरी जास्त रेघा गाडीवर असतात. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्याही यातून सुटलेल्या नसतात; त्यांच्यावर त्या फक्त नजरेत कमी भरतात.

रेघा पाडते ती धूळ, आणि धुळीच्या बाबतीत आपली मुंबईची उपनगरं श्रीमंत आहेत. घाटकोपर ते मुलुंड एलबीएस मार्गावर मेट्रो ४ चं काम कित्येक वर्षं चाललं आहे. अंधेरी-बोरिवलीच्या गल्ल्यांतून जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने धूळ रोखण्यासाठी नियमावली काढली. एक एकराहून मोठ्या भूखंडाभोवती ३५ फूट आणि त्याहून लहान भूखंडाभोवती २५ फूट उंच पत्र्याचं कुंपण, इमारतीभोवती ओलं हिरवं कापड किंवा गोणपाट, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुणं, असं बरंच काही तिच्यात आहे. तरीही सकाळी काचेवर बोट फिरवलं की बोट राखाडी होतंच. या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात. काठिण्याच्या मोह मापनश्रेणीत क्वार्ट्झ ७ वर आहे आणि साधी पोलादी सुरी साडेपाचच्या आसपास. गाडीचा वरचा थर तर प्लास्टिकच्या जातीचा, या दोघांपुढे अगदीच मऊ.

आता सकाळचं दृश्य आठवा. पार्किंगमध्ये गाडी पुसणारा मुलगा येतो. त्याच्याकडे एक बादली आणि एक फडकं असतं, पुसायच्या गाड्या पंधरा-वीस. पहिल्या दोन गाड्यांनंतर बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं होतं. फडकं त्यातच पिळायचं आणि पुढच्या गाडीवर फिरवायचं. आधीच्या गाड्यांच्या चाकांवरची माती शेवटच्या गाडीच्या बॉनेटवर घासली जाते. ज्या घरात नॉनस्टिक तव्याला तारेची घासणी लागू दिली जात नाही, त्याच घरची दहा-पंधरा लाखांची गाडी रोज अशी घासून निघते.

यात दोष त्या मुलाचा नाही. महिन्याला काही शे रुपयांत आपण त्याच्याकडून एकच गोष्ट मागतो, ती म्हणजे ‘रोज’. एखाद्या दिवशी गाडीवर धूळ दिसली की वॉचमनकडे तक्रार जाते. गाडी कशी पुसली हे कोणी पाहत नाही, पुसली की नाही एवढंच पाहतात. पाणी जास्त वापरलं तर सोसायटीची कमिटी ओरडते, आणि तेही रास्तच. २०२४ च्या जूनमध्ये तलाव आटले तेव्हा मुंबईत दहा टक्के पाणीकपात होती. अशा वेळी पाइप लावून गाडी धुणाऱ्याला कोणी शेजारी माफ करत नाही.

हे सारं गाडीला इतकं महागात का पडतं, हे कळण्यासाठी रंगाचे थर समजून घ्यायला हवेत. आजच्या गाडीच्या पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग खरा रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन, आणि त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. आपल्या डोक्यावरचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे गाडीची झळाळी केसाहूनही पातळ थरावर अवलंबून आहे. उन्हापासून रंगाला वाचवणारी द्रव्यंही याच थरात असतात.

जुन्या गाड्यांचं तसं नव्हतं. आपल्या कुर्ल्यातच प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात फियाट आणि पुढे पद्मिनी तयार होत. त्यांच्या रंगावर वेगळा पारदर्शक थर नसे. पॉलिश मारलं की फडक्यावर गाडीचा रंग उतरे. काळी-पिवळी टॅक्सी घासणाऱ्याचं फडकं टपाकडून पिवळं आणि दारांकडून काळं होई. किती रंग गेला ते हातात दिसे, म्हणून हात आपोआप हलका पडे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या आणि त्यांच्याबरोबर हा धडाही गेला. आज क्लिअर कोट घासला तरी फडक्यावर काहीच दिसत नाही. जे जातं तेच पारदर्शक असल्यामुळे काही गेलं असं वाटतच नाही.

मग हे ओरखडे काढायचे कसे? घाटकोपरच्या एका गॅरेजमध्ये कोकणातून आलेल्या, रंगकामात आयुष्य घालवलेल्या काकांनी मला एका वाक्यात उत्तर दिलं होतं : “साहेब, ओरखडा भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूचं तासावं लागतं.” रबिंग-पॉलिश म्हणजे नेमकं हेच. कंपाउंडमधले अतिबारीक कण ओरखड्याच्या दोन्ही बाजूंचा थर त्याच्या तळापर्यंत उतरवतात. पृष्ठभाग सपाट झाला की उजेड विखरायचा थांबतो आणि रेघ नाहीशी होते. अर्थात, ओरखडा नखाला अडकत असेल तर तो खोल गेला आहे असं समजावं. तो पूर्ण घालवायच्या हट्टाने क्लिअर कोट गमावण्यापेक्षा तो तसाच राहू दिलेला बरा.

चांगला कारागीर मशिनला हात लावण्यापूर्वी बराच वेळ तयारीत घालवतो. आधी गाडी भरपूर पाण्याने धुतो, मग क्ले बार फिरवून चिकटलेले कण उचलतो. रबर आणि काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर मास्किंग टेप लावतो. एका कोपऱ्यात सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ फोम पॅड वापरून पाहतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तरच पुढची पायरी चढतो. पत्र्याच्या कडांवर रंग पातळ असतो, तिथे तो मशिन टेकवत नाही. काम सावलीत चालतं, कारण तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड वाळून बसतं. मशिनचेही दोन प्रकार आहेत. नुसती गोल फिरणारी रोटरी झपाट्याने काम उरकते, पण नवख्या हातात रंग जाळते किंवा उन्हात हलणाऱ्या चकचकीत सावल्या मागे सोडते. फिरता फिरता डोलणारी ड्युअल अ‍ॅक्शन मशिन वेळ जास्त घेते आणि चुका कमी करते.

याउलट ‘तासाभरात नव्यासारखी’ अशी पाटी दिसली की जरा थांबावं. तासाभरात बहुतेक वेळा ओरखडे काढले जात नाहीत, तेलकट ग्लेझ आणि मेणाने बुजवले जातात. गाडी शोरूममधून निघाल्यासारखी दिसते आणि चार धुण्यांत जाळी परत वर येते. ताबा घेण्यापूर्वी कारागिराला एका पॅनलवर आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवायला सांगा आणि टॉर्च धरून पाहा. ग्लेझ असेल तर ते निघून जाईल आणि जाळी लगेच दिसेल.

दुसरी पाटी ‘नाइन एच’ सिरॅमिक कोटिंगची. त्या ९ ची मोहच्या मापनश्रेणीशी गल्लत करू नका. ही पेन्सिलीची कठीणता आहे, म्हणजे ९ एच पेन्सिलने ओरखडा पडला नाही एवढाच त्याचा अर्थ. क्वार्ट्झच्या कणाला त्याचं काही वाटत नाही. सिरॅमिकमुळे पाणी ओघळतं, घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं, आणि हे फायदे खरे आहेत. पण कोटिंग केलेल्या गाडीवरही तेच मळकं फडकं फिरत राहिलं तर जाळी पुन्हा पडणारच. आणि क्लिअर कोट परत उगवत नाही. दर पॉलिशला थोडे मायक्रॉन खर्च होतात, म्हणून दर दिवाळीला रबिंग करणं ही गाडीची हौस नव्हे, तिची झीज आहे.

माझं मत सरळ आहे. गाडी रोज पुसायची पद्धतच बंद करावी. कोरडी धूळ रंगावर नुसती बसून राहिली तर ओरखडा पाडत नाही, ओरखडा पडतो तो ती घासल्यावर. धुळीच्या गाडीवर कव्हर चढवणंही त्यातच आलं, कारण वाऱ्यावर हलणारं कव्हर दिवसभर तेच काम करतं. दसऱ्याला बॉनेटवर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिकही आधी पाण्याने भिजवून मग उतरवावं. अपवाद पक्ष्यांच्या विष्ठेचा आणि झाडाच्या चिकाचा. तेवढा डाग मात्र त्याच दिवशी, भरपूर ओला करून, अलगद टिपून घ्यावा.

येत्या रविवारी गाडी पुसणाऱ्या मुलाशी पाच मिनिटं बोला. आठवड्यातून दोनच दिवस ये, पगार तोच राहील, असं सांगा. आपल्या गाडीसाठी दोन बादल्या द्या, एक साबणाच्या पाण्याची आणि एक फडकं खळबळायची. तीन-चार मायक्रोफायबर फडकी द्या आणि चाकांसाठी वेगळं जुनं कापड. आधी मगाने पाणी ओतून धूळ वाहू द्यायची, मग वरून खाली सरळ हाताने पुसायचं, जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवशी परत वापरायचं नाही, एवढंच शिकवा. वॉचमनलाही सांगून ठेवा, की आमची गाडी पाच दिवस धुळीत दिसली तर त्या मुलाला कोणी काही बोलू नये.