लपलेलं, पण कोणापासून?

हल्ली फिरायला निघालेल्या प्रत्येकाला ‘लपलेलं ठिकाण’ हवं असतं. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत तर त्याची फारच शोधाशोध चालते. पण ते लपलेलं कोणापासून? तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांपासून तर नक्कीच नाही!

केळदजवळच्या मढे घाटाचंच बघा. पावसाळ्यात धबधब्यापाशी झुंबड उडते, पण ‘मढे’ हे नाव कशामुळे, हे विचारणारा विरळाच. १६७० साली सिंहगडावर तानाजी पडले. त्यांचं पार्थिव, म्हणजे मढं, याच वाटेनं खाली कोकणात उमरठ्याला नेलं, असं इथले लोक सांगतात. भोरकडे रायरेश्वरावरच्या स्वराज्याच्या शपथेचंही तसंच.

अभ्यासक पुरावा मागतील, मागावाच. वर्गात ‘असे सांगतात’ हे दोन शब्द मी कधी गाळले नाहीत. पण कागद नाही म्हणून गोष्टच टाकून द्यायची का? एका वीराचं मरण लोकांना वाटेच्या नावात जपावंसं वाटलं, हे काय थोडं आहे?

गावातली तरणी मुलं नोकरीसाठी पुण्याला गेली. सांगणारे म्हातारे किती दिवस पुरणार? तेव्हा मंडळी, फोटो जरूर काढा, पण आधी पारावरच्या आजोबांना विचारा, “बाबा, या वाटेला असं नाव का पडलं?”