हार घालण्याआधी पुढचा आख तपासा



पोळ्याला आपण बैलांचे खांदे मळतो, कारण वर्षभराचे ओझे त्या खांद्यांनी वाहिलेले असते. ट्रॅक्टरच्या पुढच्या आखातील बुश हे त्याचे खांदेच समजा. दसऱ्याला आपण ट्रॅक्टर धुतो, हार घालतो. पण आत झिजलेल्या बुशकडे लक्ष जात नाही. पुढे गाळप सुरू होते, मागे उसाची ट्रॉली लागते आणि ढिल्या स्टेअरिंगचा ट्रॅक्टर रात्री-अपरात्री रस्त्यावर येतो. त्यावर आपल्याच घरातला माणूस बसलेला असतो. म्हणून हे काम हंगामाआधी उरकावे.

पुढच्या आखाच्या मधोमध एक जाड पिन असते. तिला सेंटर पिन म्हणतात. या पिनवर आख डोलतो, म्हणूनच बांध ओलांडताना एक चाक वर व दुसरे खाली गेले तरी दोन्ही चाके जमिनीवर टेकून राहतात. आखाच्या दोन्ही टोकांना उभ्या किंगपिन असतात. त्यांच्यावर चाके वळतात. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये बुश बसवतात. झिजावे ते बुशने. पिन आणि आख वाचावा, हा त्यामागचा हेतू.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात भूम-वाशीकडचे माळ दगडगोट्यांचे, तर तेरणा-मांजरेच्या काठची जमीन काळी, चिकट. माळावर हादरे बसतात आणि रानात चिखल चढतो. ग्रीसमध्ये माती मिसळली की ते वंगण राहत नाही, सहाणेसारखे घासू लागते.

झीज ओळखणे सोपे आहे. ट्रॅक्टर सपाट, टणक जागेवर उभा करून गिअरमध्ये ठेवावा, हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावावेत. आखाखाली जॅक लावून एक चाक उचलावे. चाक वर-खाली धरून हलवावे आणि दुसऱ्याने आत पाहावे. चाकाबरोबर किंगपिनही हलत असेल तर बुश गेले. पिन स्थिर राहून नुसते चाक हलत असेल तर दोष बेअरिंगचा. सेंटर पिनसाठी जॅक आखाखाली न लावता, आख ज्या भक्कम भागाला अडकवलेला असतो त्याखाली लावावा आणि सावकाश उचलावे. आख उचलण्याआधीच ट्रॅक्टरचे तोंड वर सरकले, तर तेवढी पोकळी पिनजवळ झाली आहे.

आता बदलण्याचे काम. नुसत्या जॅकच्या भरवशावर ट्रॅक्टरखाली कधीही जाऊ नये. जॅक घसरतो, विटा-दगड फुटतात. लोखंडी स्टँड किंवा जाड लाकडी ओंडके लावूनच हात घालावा, आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

किंगपिनच्या कामात आधी चाक काढून घ्यावे. वरचा स्टेअरिंगचा आर्म सोडवण्यापूर्वी आर्म आणि पिन या दोहोंवर पंचाने खूण करावी, म्हणजे जोडताना चाकाची दिशा चुकत नाही. वॉशर आणि खालचे थ्रस्ट बेअरिंग ज्या क्रमाने निघेल त्याच क्रमाने फडक्यावर मांडावे. नवा बुश बसवताना त्याचे भोक ग्रीस निपलच्या भोकासमोरच आले पाहिजे. ते चुकले तर वर्षभर ग्रीस भरले तरी आत थेंब पोचत नाही. बुशवर हातोडा थेट मारू नये. लाकडी ठोकळा ठेवून सरळ ठोकावा. काही बुश तयार मापाचे असतात, काही बसवल्यावर रीमर फिरवून मापात आणावे लागतात. हे दुकानदाराला विचारून घ्यावे.

पिनला बोट लावून पाहावे. खाच किंवा पायरी लागली तर पिनही बदलावी. झिजक्या पिनवर नवा बुश बसवला तर पैसे पाण्यात जातात. आखाचे भोक लंबगोल झाले असेल, तर ते लेथवाल्याकडून गोल करून आत बाही बसवून घ्यावी लागते. हा खर्च बुशच्या कितीतरी पट असतो.

अनेकांकडे जुने एचएमटी ट्रॅक्टर आहेत. ते १९७१ पासून पिंजोरला बनू लागले. २०१६ साली केंद्र सरकारने तो ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास मंजुरी दिली. अशा जुन्या ट्रॅक्टरचा भाग घेताना केवळ नावावर जाऊ नये. जुनी पिन आणि जुना बुश बरोबर न्यावा व व्हर्निअरने माप घेऊनच नवा घ्यावा.

जोडणी झाल्यावर पुढच्या चाकांचा टो-इन ट्रॅक्टरच्या पुस्तकाप्रमाणे लावून घ्यावा, नाहीतर टायर एका बाजूने खातो. एक दिवस काम झाले की सगळे नट पुन्हा आवळावेत.

बैलगाडीच्या आखाला वंगण घातल्याशिवाय आपले वाडवडील लांबच्या वाटेला लागत नसत. तीच रीत ट्रॅक्टरला लावावी. चिखलाचे काम झाले की निपल पुसून, चाके जमिनीवरून उचलून, जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे. घरातल्या एकाने हे काम आठवड्याचा वार ठरवून अंगावर घ्यावे. बैल गेला आणि झोपा केला, असे व्हायला नको. यंदा ट्रॅक्टरला हार घालण्याआधी जॅक लावून पुढचा आख बघा.